कर्मयोगी सिद्धराम आणि तळहातावरचे इष्टलिंग



मठात दर्शनासाठी येणाऱ्या भक्तांची एक तक्रार वारंवार कानी पडते. शेती आहे, दुकान आहे, नोकरी आहे, मुलाबाळांचे शिक्षण आहे. मग रोज लिंगपूजेला आणि ध्यानाला बसायचे केव्हा? काही जण आणखी पुढे जातात. आम्ही कुणाचे वाईट करीत नाही, चार लोकांच्या उपयोगी पडतो, कायक हाच कैलास मानतो, तेव्हा वेगळ्या ध्यानाची गरजच काय, असे ते विचारतात. हा प्रश्न नवा नाही. बाराव्या शतकात तो एका फार मोठ्या पुरुषाच्या जीवनात उभा राहिला होता. तो पुरुष म्हणजे सोन्नलिगेचे, म्हणजेच आजच्या सोलापूरचे, शिवयोगी सिद्धरामेश्वर. त्यांचे चरित्र या एका दृष्टीने आपण पाहू या.

सिद्धरामांचे वडील मुद्दुगौडा आणि आई सुग्गलादेवी. रेवणसिद्धांच्या आशीर्वादाने हा पुत्र झाला, अशी परंपरा आहे. बालपणी तो अबोल असे, आपल्यातच हरवलेला असे. घरच्यांनी त्याला गुरे राखण्याचे काम दिले. तेराव्या शतकात राघवांक कवीने कन्नड भाषेत सिद्धरामांचे चरित्र लिहिले. त्यात येणारी कथा अशी की, एके दिवशी शेतात मल्लय्या नावाचा जंगम आला. त्याने हुरडा मागितला. तो खाल्ल्यावर पोटात आग पडली म्हणून दहीभात मागितला. बालक धावत घरी गेला आणि दहीभात घेऊन परतला, तर जंगम तेथे नव्हता. मल्लय्याला हाका मारीत, रडत तो श्रीशैलास जाणाऱ्या यात्रेकरूंबरोबर निघाला. तेथे लोकांनी त्याला मंदिरातील लिंग दाखविले, पण त्याला जेवू घालायचा होता तो चालता-बोलता मल्लय्या. शोधता शोधता तो कड्यापाशी आला आणि त्याने दरीत देह झोकून दिला. तेव्हा मल्लिकार्जुनाने त्याला वरचेवर झेलले आणि सोन्नलिगेस परत जाऊन तेथेच दुसरे श्रीशैल उभे करण्याची आज्ञा केली.

येथून सिद्धरामांचे कर्मयोगी जीवन सुरू होते. त्यांनी गावात कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाची स्थापना केली, अडुसष्ट लिंगे स्थापिली. पाण्याविना तळमळणाऱ्या त्या कोरड्या मुलखात मोठा तलाव खोदण्याचे काम त्यांनी हाती घेतले. सोलापुरास जाल तेव्हा सिद्धेश्वर मंदिराभोवतीचे पाणी क्षणभर उभे राहून पाहा. किती हातांनी तेथे माती उपसली असेल! माणसांना आणि गुराढोरांना पाणी मिळावे, एवढाच त्यामागे हेतू. याहून मोठी शिवसेवा कोणती, असे आपल्यालाही वाटते. सिद्धरामांनाही तसेच वाटत असावे.

अशा वेळी अल्लमप्रभू सोन्नलिगेत आले. शून्यसंपादने या ग्रंथात हा प्रसंग विस्ताराने आला आहे. तलावाचे काम जोरात चालू होते. प्रभूंनी मुद्दाम सिद्धरामांचा उल्लेख दगडमाती वाहणारा वड्डर असा केला. आपल्या गुरूचा अपमान झाला असे वाटून कामकऱ्यांनी प्रभूंवर दगडांचा वर्षाव केला, पण एकही दगड त्यांना लागला नाही. त्यांच्याभोवती नुसता ढीग साचला. सिद्धराम धावत आले आणि संतापले. त्यांच्या नेत्रातून अग्नी निघाला, तो प्रभूंच्या चरणांपर्यंत गेला आणि तेथे विझला.

वाचकहो, या कथेतील चमत्कारापाशी थांबू नका. आयुष्यभर लोकांसाठी झिजलेल्या, देवाने स्वतः झेललेल्या पुरुषाच्या अंतःकरणात एका शब्दाने आग पेटली. तलाव पाण्यासाठी होता हे खरे, परंतु हा तलाव मी बांधतो आहे ही सूक्ष्म जाणीव त्या कामाच्या तळाशी गाळासारखी साचली होती. प्रभूंनी दगड मारला तो त्या गाळावर. कामाला त्यांचा विरोध नव्हता. काम करणाऱ्याने आत वळून पाहावे, एवढेच त्यांना हवे होते.

सिद्धरामांचे मोठेपण यापुढे आहे. ते रुसले नाहीत. प्रभूंबरोबर ते कल्याणास, बसवण्णांच्या अनुभवमंटपात गेले. तेथे त्यांच्या अंगावर इष्टलिंग नाही, हा प्रश्न निघाला. अंतरंगात साक्षात्कार झालेल्यास बाह्य लिंगाची गरज काय, अशी शंका त्यांनी मांडली. चर्चेनंतर त्यांनी वयाने लहान असलेल्या चन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतली. ज्याच्या शब्दावर गाव उठत होते, त्याने नव्या साधकाप्रमाणे तळहातावर लिंग घेऊन पहिल्या पायरीपासून आरंभ केला. पुढे शून्यसिंहासनाचे अधिपत्य त्यांच्याकडे आले, असे परंपरा मानते. त्यांची हजाराहून अधिक वचने आज उपलब्ध आहेत आणि कपिलसिद्ध मल्लिकार्जुन हीच त्यांची मुद्रा आहे. अखेरीस त्यांनी सोन्नलिगेतच समाधी घेतली. दरवर्षी मकरसंक्रांतीस तेथे नंदीध्वजांसह गड्ड्याची यात्रा भरते.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. काही वर्षांपूर्वी मठाच्या इमारतीचे बांधकाम चालू होते. वाळू आली का, गवंडी आले का, या चिंतेत माझी सकाळची पूजा उरकण्यापुरती राहिली. मठाचेच तर काम आहे, अशी मनाची समजूत मी घालीत असे. पण त्या दिवसांत एका सेवेकऱ्यावर मी क्षुल्लक कारणावरून ओरडलो. त्याचा उतरलेला चेहरा पाहिला आणि मला हा सोन्नलिगेचा प्रसंग आठवला. दुसऱ्या दिवसापासून काम सुरू होण्याआधी मी पूर्ववत बसू लागलो.

तेव्हा तुम्हीही आरंभ करा. पहाटे किंवा स्नानानंतर एक वेळ ठरवा. पंधरा मिनिटे पुरेत. स्वच्छ आसनावर पाठ ताठ ठेवून बसा, विभूती धारण करा, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन ते डोळ्यांसमोर धरा. दृष्टी लिंगावर स्थिर करा, श्वास सहज चालू द्या आणि त्याच्या लयीत मनातल्या मनात पंचाक्षरीचा जप करा. डोळे थकले तर अलगद मिटा. मन बाजारात गेले तर त्याच्यावर रागावू नका, त्याला पुन्हा लिंगावर आणा; असे परत आणणे हीच साधना आहे. ज्यांची दीक्षा झालेली नाही, त्यांनी गुरूंकडून ती घ्यावी. तोवर नामजप करावा. डोळ्यांचा विकार असलेल्यांनी दृष्टी स्थिर करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

शांत बसण्याने श्वास संथ होतो, मनावरचा ताण हलका होतो, अनेकांना झोपही बरी लागते. हा शरीराला होणारा लाभ आहे, तो नाकारू नये. मात्र रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. खरी परीक्षा पूजेच्या खोलीबाहेर होते. दिवसा कुणी टोचून बोलले आणि तुमच्या नेत्रातला अग्नी पूर्वीपेक्षा लवकर विझला, तर साधना चालू आहे असे समजावे.

सिद्धरामांनी बांधलेला तलाव आजही सोलापुरात आहे. ध्यानाने त्यांचे काम पुसले गेले नाही. त्यातला मीपणा तेवढा गेला. आपल्या हातूनही कायक आणि दासोह घडत राहो, आणि उद्याच्या सकाळी त्याच हातावर लिंग विराजमान होवो, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना.

॥ ॐ नमः शिवाय ॥