शाळेत दात घासायला शिकवणारा दंतवैद्य

अल्फ्रेड फोन्स यांचा जन्म १८६९ साली अमेरिकेतील ब्रिजपोर्ट या कारखान्यांच्या शहरात झाला. वडील दंतवैद्य होते आणि काही काळ शहराचे महापौरही. १८९० मध्ये न्यूयॉर्कमधून दंतवैद्यकाची पदवी घेऊन अल्फ्रेडही याच व्यवसायात आले.

त्या काळी दंतवैद्याचे काम म्हणजे किडलेला दात कोरून भरणे, नाहीतर उपटणे. दात किडूच नये यासाठी कोणी फारसे काही करत नसे. १८९९ मध्ये फोन्स यांनी दातांच्या नियमित सफाईवर फिलाडेल्फियाच्या एका दंतवैद्याचे व्याख्यान ऐकले आणि ही पद्धत स्वतःच्या रुग्णांवर वापरून पाहिली. गुण आला, पण वेळ फार जाई. म्हणून १९०६ मध्ये त्यांनी आपली चुलत बहीण व मदतनीस आयरीन न्यूमन हिला हे काम शिकवले. दातांच्या आरोग्यासाठी प्रशिक्षित झालेली ती पहिली आरोग्यसेविका.

१९१३ मध्ये दवाखान्याशेजारच्या गॅरेजमध्ये फोन्स यांनी अशा सेविकांची शाळा काढली. पुढच्याच वर्षी २७ स्त्रिया शिकून बाहेर पडल्या. त्यांच्यापैकी काही जणी ब्रिजपोर्टच्या सरकारी शाळांत गेल्या. लहान वर्गांतल्या मुलांचे दात त्या साफ करत आणि कवायतीसारखे सगळ्यांना एकत्र उभे करून ब्रश कसा फिरवायचा ते शिकवत. दात मिटून ब्रश गोल-गोल फिरवण्याची, मुलांना सहज जमणारी पद्धत आजही फोन्स यांच्याच नावाने ओळखली जाते.

१९३८ मध्ये फोन्स वारले. स्वच्छ दात किडत नाही, ही त्यांची श्रद्धा होती. ती अर्धीच खरी ठरली. कीड रोखण्यात मोठा वाटा फ्लोराइडचा असतो, आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट अमेरिकेच्या बाजारात रुळली ती १९५५ नंतर. पण मूल लहान असताना रोज कोणीतरी शेजारी उभे राहून दात घासून घ्यायला हवेत, हा त्यांचा आग्रह मात्र टिकला. स्कॉटलंडच्या बालवाड्यांत आज मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली फ्लोराइडच्या पेस्टने रोज दात घासतात. त्यामुळे कीड कमी झाली आणि उपक्रमावरील खर्चापेक्षा उपचारांवरचा जास्त खर्च वाचला.

हे घरीही जमते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. पेस्टमध्ये किमान १००० पीपीएम फ्लोराइड असावे. सकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा दात घासावेत. नंतर फेस थुंकायला सांगावे. खळखळून चूळ भरली तर दातांवरचे फ्लोराइड धुऊन जाते. आणि सात वर्षांचे होईपर्यंत मुलाला एकट्याच्या भरवशावर सोडू नये. दुधाचे दात पडणारच, म्हणून ते किडले तरी चालतील असे नाही. किडलेला दात दुखला की मुलाचे जेवण, झोप आणि शाळा तिन्ही बिघडतात.