पट वाढवणाऱ्या सावित्रीबाई

मैत्रिणींनो, मुळशीच्या वाड्यावस्त्यांवर शाळेसाठी मुली गोळा करताना सावित्रीबाई फुले हटकून आठवतात. १८३१ साली नायगावात जन्म, नवव्या वर्षी लग्न. अक्षरं गिरवली ती सासरी, जोतीरावांकडून. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. शाळेत जाताना लोक अंगावर शेण फेकायचे, तरी बाई वर्गावर हजर! १८५१ साली बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात शाळा निघाली ती ८ मुलींवर. बघता बघता पट ४८ वर गेला. आपल्याकडे सातवीनंतर लांबची शाळा नको म्हणून मुलगी घरी बसवतात, तेव्हा हा आकडा सांगावासा वाटतो. पुढे रास्ता पेठ, वेताळ पेठेतही शाळा झाल्या. नुसता पट नव्हे, अभ्यासही पक्का. १८५३ च्या फेब्रुवारीत २३७ मुलींची जाहीर परीक्षा झाली, बघायला ३ हजारांची गर्दी! १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच बाई गेल्या.