पारोच्या पलीकडचा रॉबर्ट गिल

रॉबर्ट गिल हे नाव मराठी माणसाला कळले ते पारोमुळे. ना. धों. महानोरांनी या दोघांवर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले आणि २०१२ साली नितीन देसाई यांनी त्याच नावाचा चित्रपट काढला. दिवंगत देसाईंचा स्टुडिओ आमच्या खालापूर तालुक्यातला, चौकजवळचा. तेव्हा कर्जत-खालापूरकरांना या गोष्टीची जवळीक वाटणे साहजिक आहे. गोरा साहेब आणि रानातली पोर! पण या साहेबाने आयुष्याची वीसेक वर्षे कशात घातली, हे त्या प्रेमकथेच्या मागे झाकले जाते. आम्हाला बोलायचे आहे ते त्याविषयी.

गिल १८०४ साली लंडनला जन्मला. विशीच्या सुमारास तो कंपनी सरकारच्या मद्रास फौजेत आला. शिपाईगिरी करता करता तो उत्तम चित्रे काढी. १८१९ साली इंग्रज अधिकाऱ्यांना अजिंठ्याची लेणी दिसली होती. पुढे १८४३ साली जेम्स फर्ग्युसनने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला. चित्रे झपाट्याने नष्ट होत आहेत, म्हणून सोसायटीने कंपनीकडे तगादा लावला आणि १८४४ साली चित्रांच्या नकला करण्याचे काम गिलकडे आले.

अजिंठा गावच्या बारादरीत त्याने बिऱ्हाड मांडले. भोवती निजामाच्या मुलखातले जंगल, त्यात वाघ. लेण्यांत अंधार, भिंतींवर काजळी, गिलावा सुटलेला. त्या अंधारात बसून तो मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात भिंतीवरचे जसेच्या तसे उतरवत राहिला. कोणत्या चित्रात कोणती जातककथा आहे, याचा उलगडा तेव्हा विद्वानांनाही झालेला नव्हता. म्हणजे बोधिसत्त्वाची गोष्ट ठाऊक नसताना हा माणूस बोधिसत्त्वाचा चेहरा रेषेरेषेने जपत होता. मूळ चित्रकारांपैकी बहुतेकांची नावे तर काळाने पुसलीच आहेत.

पारो १८५६ च्या मे महिन्यात पटकीने गेली. ती तिथलीच आदिवासी मुलगी होती, असे परंपरेने सांगतात. गिलला लग्नाची बायको होती. तरी त्याने अजिंठा गावात पारोची कबर बांधली आणि तिच्यावर तिचे नाव कोरले. साहेबाच्या घरातल्या देशी बाईची नोंद त्या काळी सहसा राहत नसे, म्हणून याचे मोल आहे. मात्र पारोला स्वतःला काय वाटत होते, हे कबर सांगत नाही. तिच्याविषयी बोलले ते सारे पुरुषच.

याच सुमारास गिलने कॅमेरा हाती घेतला. १८६४ साली फर्ग्युसनबरोबर त्याचे लेण्यांवरचे पुस्तक निघाले, त्यात त्याची ७४ छायाचित्रे होती. तैलचित्रे सुमारे तीस, ती लंडनला रवाना झाली होती. सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती टांगली गेली आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली. जवळजवळ सगळी जळाली. मोजकी वाचली, ती आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

साठी ओलांडलेल्या माणसाने यानंतर हात टेकले असते, तर कोणी दोष दिला नसता. गिल पुन्हा कामाला लागला आणि एप्रिल १८७९ मध्ये भुसावळजवळ वारला. त्याची कबर भुसावळला आहे. दरम्यान १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने नकला करू लागले होते. त्यातल्या बऱ्याच १८८५ साली लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. शिवाय चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर फासलेल्या वॉर्निशने मूळ रंगांचेही नुकसान झाले. आमचा वारसा राखायला विलायतेत नेला आणि तिथेच त्याची राख झाली!

आता आमच्या दाराशी काय आहे? कर्जतपासून काही कोसांवर, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाण्याचे बौद्ध लेणे आहे. इसवी सनापूर्वीच्या त्या चैत्यगृहाचे कित्येक खांब बुंध्यापासून ढासळले आहेत. पण अजिंठ्याच्या चित्रकारांना जे लाभले नाही ते इथल्या शिल्पकाराला लाभले. कान्हाचा शिष्य बालक याने हे केले, असे तिथे ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. पावसाळ्यात लेण्यावरून कोसळणाऱ्या धबधब्याखाली भिजायला गर्दी लोटते आणि बालकाच्या नावाकडे पाठ करून फोटो काढते. गिलजवळचा कॅमेरा अवजड होता. आज तो आपल्या तरुणांच्या खिशात आहे. दिवाळीनंतर वाट सुकली की कोंडिवड्याहून वर चढावे, लेख वाचावा, खांब मोजावेत आणि एकेक भिंत तारखेसह टिपून ठेवावी.