पावलांनी मोजलेली नदी : पंडित नैनसिंह रावत

चंदीगडजवळच्या डेराबस्सीसारख्या उद्योगनगरीत नदी, रस्ता आणि कारखाना यांचा नकाशा आज कोणालाही क्षणात मिळतो. दीडशे वर्षांपूर्वी मात्र हिमालयापलीकडील त्सांगपो ही महानदी आणि तिबेटच्या पठारावरील सोन्याच्या खाणी यांचा भाग सर्वेक्षकांच्या नकाशावर जवळजवळ कोराच होता. तो भरून काढण्याचे कार्य एका शाळामास्तराने केले.

नैनसिंह रावत यांचा जन्म १८३० साली कुमाऊँमधील मिलम गावी झाला. गावच्या शाळेत ते शिकवीत, म्हणून ‘पंडित’ म्हणून ओळखले गेले. विल्यम लॅम्टन यांनी आरंभिलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण (लॅम्टन यांचे निधन १८२३ साली आपल्या हिंगणघाटास झाले) तिबेटच्या सीमेवर अडले होते. युरोपीय सर्वेक्षकांना तेथे प्रवेश नव्हता. त्यासाठी १८६३ साली नैनसिंहांना डेहराडूनला बोलावून समान अंतराची पावले टाकण्याचे शिक्षण देण्यात आले. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर १०० पावलांस एक मणी ओढायचा. प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी नोंदींचे कागद असत, तर उकळत्या पाण्याच्या तापमानावरून उंची काढली जाई.

व्यापाऱ्याच्या वेषात ते जानेवारी १८६६ मध्ये ल्हासास पोहोचले आणि परतताना त्सांगपोच्या काठाने मानसरोवराकडे गेले. पुढल्या वर्षी त्यांनी सुमारे १६,००० फूट उंचीवरील ठोक जालुंगची सुवर्णखाण पाहिली. तेथे लांबच लांब चर खणून, ओहोळाच्या पाण्याने माती धुऊन सोने वेगळे करीत. गोठलेली जमीन ढासळत नाही, म्हणून हिवाळ्यातच खोदकामास अधिक जोर येई. १८७४-७५ मध्ये ते लेहहून ल्हासामार्गे आसामात उतरले.

मोहिमांच्या काळात त्यांचे नाव गुप्त ठेवले गेले. १८७७ साली मात्र लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. १९०४ साली इंग्रजी फौज ल्हासात शिरली. ज्ञान कष्टाने मिळविणारा एक आणि त्याचा उपयोग ठरविणारा दुसरा, ही गोष्टही त्यांच्या चरित्रातून शिकण्यासारखी आहे.

२००४ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. वर्गाच्या भिंतीवरील आशियाच्या नकाशात त्सांगपोची निळी रेषा पाहताना विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबावे. तिचा मोठा भाग एका शिक्षकाने मणी ओढीत, पावलापावलाने मोजला आहे.