आर्नोच्या काठची भाषा

इटली हा आज एक देश आहे. परंतु १८१५ साली त्याचा नकाशा पाहिला असता तर त्यात लहानमोठी अनेक राज्ये दिसली असती. मिलानवर ऑस्ट्रियाच्या बादशहाचा अंमल होता, रोममध्ये पोपचे राज्य होते आणि दक्षिणेस नेपल्सचा राजा राज्य करीत होता. राज्यांप्रमाणे बोलीही निरनिराळ्या होत्या. मिलानचा हमाल आणि नेपल्सचा नावाडी समोरासमोर आले, तर एकमेकांचे बोलणे समजून घेणे त्यांना जड जात असे. लिहिण्याची भाषा तेवढी सर्वत्र एक मानली जाई. ती होती फ्लॉरेन्स नगरीतील चौदाव्या शतकातल्या कवींची आणि कथाकारांची भाषा. व्हेनिसचा पंडित पिएत्रो बेंबो ह्याने १५२५ साली एक ग्रंथ लिहून हाच जुना कित्ता सर्वांनी गिरवावा असा दंडक घालून दिला होता, आणि पुढे तीनशे वर्षे लेखकांनी तो बहुतांशी पाळला. पण पुस्तकात शोभणाऱ्या ह्या भाषेत घरी कोणी भाकरीदेखील मागत नसे.

अशा ह्या देशात, मिलान येथे, ७ मार्च १७८५ रोजी आलेस्सांद्रो मान्झोनी ह्याचा जन्म झाला. त्याचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, चेझारे बेक्कारिया हे युरोपभर गाजलेले विचारवंत होते. अपराध्यांचा छळ आणि देहान्ताची शिक्षा ह्यांविरुद्ध त्यांनी लिहिलेला ग्रंथ फार प्रसिद्ध आहे. नातवाचे बालपण मात्र सुखाचे नव्हते. सहा वर्षांचा असतानाच त्याला धर्मगुरूंच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. लवकरच आईवडील विभक्त झाले आणि आई पॅरिसला निघून गेली. वीस वर्षांचा झाल्यावर तो तिच्याकडे गेला, तेव्हा कोठे मायलेकरांची खरी ओळख झाली. तेथेच फोरिएल ह्या फ्रेंच विद्वानाशी त्याची मैत्री जडली. १८०८ साली एन्रिकेत्ता ब्लोंदेल हिच्याशी त्याचा विवाह झाला.

मान्झोनी घरी मिलानची बोली बोले आणि मित्रांना फ्रेंचमध्ये पत्रे लिही. इटालियन त्याला येत नव्हती असे नाही. त्याने तीत कविता आणि नाटकेही लिहिली होती. परंतु १८२१ साली त्याने कादंबरी लिहावयास घेतली आणि तो अडला. कवितेला जुने शब्द चालतात. कादंबरीतील माणसांनी मात्र भांडले पाहिजे, विनवले पाहिजे, थट्टा केली पाहिजे. ते कोणत्या भाषेत करावे? फ्रेंच लेखक ज्या भाषेत दिवसभर बोलतो तीतच लिहितो. इटालियन लेखकाला मात्र ज्या भाषेत तो जवळजवळ कधी बोललेला नसतो तीत लिहावे लागते, अशा आशयाची तक्रार त्याने त्याच वर्षी फोरिएलला पत्राने कळविली. कादंबरीचा पहिला खर्डा १८२३ मध्ये पुरा झाला, तेव्हा त्याचे त्यालाच वाटले की ह्यात मिलानचे, फ्रेंचचे, लॅटिनचे आणि तोस्काना प्रांताचे शब्द एकाच हंडीत शिजले आहेत. त्याने तो खर्डा बाजूला ठेवला आणि कादंबरी पुन्हा लिहिली. १८२७ साली ती तीन भागांत प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘वाग्दत्त वधूवर’ ह्या अर्थाचे होते.

तिची कथा थोडक्यात सांगतो. काळ १६२८ चा, अंमल स्पेनचा. कोमो सरोवराजवळच्या खेड्यात रेन्झो हा रेशीम कातणारा तरुण आणि लुचिया ही मुलगी ह्यांचे लग्न ठरलेले असते. गावचा मग्रूर सरदार आपली माणसे पाठवून पाद्रीबुवांना धमकावतो, आणि भित्रे पाद्रीबुवा लग्न लावण्याचे टाळतात. रेन्झो कारण विचारू लागताच ते त्याच्या अंगावर लॅटिन फेकतात. तो बिचारा चार कोंबडे भेट घेऊन वकिलाकडे जातो, तर वकील त्याच्यापुढे कायद्यांची जाडजूड कलमे नाचवतो आणि सरदाराचे नाव निघताच त्याला कोंबड्यांसकट घालवून देतो. पुढे ताटातूट होते, दुष्काळ पडतो आणि १६३० ची भयंकर महामारी मिलानवर कोसळते. त्या धामधुमीत रेन्झोला लुचियाच्या आईकडे पत्र धाडायचे असते, पण त्याला लिहिता येत नाही. पत्र दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे लागते, तिकडे वाचणाराही दुसराच, आणि मूळ मनोगत वाटेत भलतेच होऊन बसते. ज्याच्या जवळ भाषा नाही त्याला कोणीही फसवू शकतो, हे मान्झोनीने पुरते ओळखले होते. म्हणूनच आपल्या पुस्तकाची भाषा लॅटिन फेकणाऱ्या पाद्रीबुवांसारखी होऊ नये, ह्याची त्याला एवढी काळजी.

कादंबरीचा बोलबाला झाला. वाचकांना ती आवडली, तशी चोरून छापणाऱ्यांनाही आवडली, कारण एका राज्याचा कायदा दुसऱ्या राज्यात चालत नसे. दुसरा कोणी असता तर कीर्तीवर संतुष्ट राहिला असता. मान्झोनी त्याच उन्हाळ्यात सारे कुटुंब बरोबर घेऊन फ्लॉरेन्सला गेला. आर्नो नदीच्या काठच्या त्या शहरात चोनी आणि निक्कोलीनी ह्या दोन विद्वानांनी त्याचे छापील पुस्तक तपासून दिले. पण त्याला विद्वानांपेक्षा रस्त्यावरची माणसे अधिक शिकवून गेली. जी भाषा तो शब्दकोशांतून टिपणे काढून शिकला होता, ती तेथे लोक सहज बोलत होते. पुस्तकाची पाने म्हणजे आर्नोत खळबळून काढायच्या चादरी आहेत, असे तो गमतीने म्हणू लागला.

आता ह्या धुण्यात काय काय निघाले, त्याचा एकच मासला पाहू.

इटालियन क्रियापद मोठे रूपसमृद्ध आहे. धातूच्या शेवटी ‘आरे’, ‘एरे’ किंवा ‘ईरे’ असते, आणि त्यावरून त्याचे तीन गण होतात. स्वार्थात आठ काळ, संशय, इच्छा, भीती दाखविणाऱ्या अर्थात चार आणि संकेतार्थात दोन, असे चौदा काळ. प्रत्येकात तीन पुरुष आणि दोन वचने मिळून सहा रूपे. आज्ञार्थ वगळूनही एका क्रियापदाची ही चौऱ्याऐंशी रूपे झाली! इटलीतील मुलेही ती आपल्या पाढ्यांसारखी घोकतात. ‘पार्लारे’ म्हणजे बोलणे. मी बोलतो, पार्लो. तू बोलतोस, पार्ली. तो बोलतो, पार्ला. रूपावरूनच कर्ता कळतो, म्हणून ‘मी’, ‘तू’ हे शब्द बहुधा गाळतात.

पण ‘बोलत असे’ ह्या भूतकाळात एक घोटाळा होता. मूळ लॅटिनमध्ये मी साठी रूपाच्या अंती ‘म्’ आणि तो साठी ‘त्’ येई. कालांतराने हे दोन्ही वर्ण उच्चारातून गळाले आणि दोघांचे रूप एकच उरले, ‘पार्लावा’. बोलत असे, पण कोण? मी की तो? आपल्या मराठीतही ‘मी आहे’ आणि ‘तो आहे’ ह्यांत क्रियापद सारखेच असते. ‘मी’ काढून टाकला तर नुसत्या ‘आहे’ वरून काही कळत नाही. फ्लॉरेन्सच्या लोकांनी ही अडचण कोणत्याही पंडिताला न विचारता सोडविली होती. ‘पार्लो’ मधला ‘ओ’ उचलून त्यांनी मी साठी ‘पार्लावो’ म्हणावयास सुरुवात केली होती. परंतु अनेक व्याकरणकारांच्या लेखी ते रूप अशिष्ट होते. जुन्या थोर लेखकांनी ‘आ’ लिहिला ना, मग ‘आ’च शुद्ध!

१८२७ च्या आवृत्तीत मान्झोनीनेही ‘आ’ लिहिला होता. आता त्याने कादंबरीतून ठिकठिकाणी तो खोडून ‘ओ’ घातला. तसेच ‘तो’ आणि ‘ती’ ह्यांसाठीची ग्रांथिक सर्वनामे काढून पुष्कळ जागी बोलण्यातली सर्वनामे घेतली. वाक्य वाक्य पारखत हे काम वर्षानुवर्षे चालले. ते दिवस दुःखाचेही होते. १८३३ च्या नाताळात एन्रिकेत्ता निवर्तली, आणि पुढच्याच वर्षी थोरली मुलगी जूलिया गेली. शेवटच्या टप्प्यात फ्लॉरेन्सची एमिलिया लुती ही तरुण शिक्षिका मिलानला त्याच्या साहाय्यास होती. अमुक गोष्ट तुमच्या गावी कशी बोलतात, हे हा पन्नाशी ओलांडलेला कीर्तिमान लेखक तिला विचारी आणि तिचे उत्तर प्रमाण मानून आपले वाक्य बदली. नवी आवृत्ती १८४० ते १८४२ ह्या काळात, चित्रांसह, १०८ हप्त्यांत निघाली. छपाईचा खर्च त्याने स्वतः सोसला आणि त्यात त्याला मोठी खोट आली. एमिलियाला त्याने एक प्रत भेट दिली. तिने आर्नोत धुऊन दिलेल्या चिंध्या तिनेच स्वीकाराव्यात, असे त्यावर लिहिले होते.

१८६१ साली इटलीचे राज्य एक झाले, आणि भाषेचा प्रश्न आता सरकारपुढे आला. त्या वेळी शंभरांतील किती जणांना इटालियन बोलता येत होती? एका अभ्यासकाच्या हिशेबाने अडीच, दुसऱ्याच्या हिशेबाने सुमारे दहा. १८६८ साली शिक्षणमंत्री ब्रोल्यो ह्यांनी ह्या प्रश्नासाठी समिती नेमली आणि वृद्ध मान्झोनीने अहवाल लिहिला. फ्लॉरेन्सची चालती भाषा सर्व देशाने घ्यावी, तिचा कोश करावा आणि तेथील शिक्षक गावोगाव पाठवावेत, असे त्याचे म्हणणे होते. आस्कोली ह्या भाषापंडिताने १८७३ मध्ये ह्यावर कडक टीका केली. ज्ञानाचा प्रसार झाल्यावाचून आणि लोकांचे दळणवळण वाढल्यावाचून एका शहराची बोली साऱ्या देशाच्या तोंडी बसणार नाही, असे त्याचे मत होते. आणि ह्या बाबतीत आस्कोलीची बाजू अधिक बळकट होती, असे म्हणावे लागते.

त्याच वर्षाच्या जानेवारीत चर्चच्या पायऱ्यांवर पडून मान्झोनी जखमी झाला आणि २२ मे १८७३ रोजी त्याचे निधन झाले. बरोबर एक वर्षाने मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थनासंगीत झाले. ते संगीत रचले होते व्हेर्दी ह्या महान संगीतकाराने, आणि वाद्यवृंदाचे संचालनही त्यानेच केले.

मान्झोनीने सुचविलेल्या कोशाचे काम १८७० मध्ये सुरू झाले होते. ते पुरे व्हावयास १८९७ साल उजाडले. कोशाच्या नावातच ‘नवा’ ह्या अर्थी फ्लॉरेन्सच्या ढंगाने ‘नोव्हो’ असा शब्द घातला होता. तो इटलीने मानला नाही; लोक पूर्वीप्रमाणे ‘न्वोव्हो’च म्हणत राहिले. ‘मी बोलत असे’ ह्यासाठी मात्र आज मिलानपासून सिसिलीपर्यंतच्या शाळांत मुले ‘पार्लावो’ असेच घोकतात. ‘पार्लावा’ म्हटले, तर गुरुजी ते ‘तो’ समजतात.