नियम आधी कोणास? श्रीमंत सयाजीराव महाराजांचे चरित्र

सद्भक्तहो, मठात दर्शनास येणारे पालक पुष्कळदा आम्हास विचारतात की, तरुणांना समाजाचा धाक उरला नाही, तेव्हा नियम अधिक कडक करावयास नकोत काय? हा प्रश्न मनात धरून आपण बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचे चरित्र पाहू.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. मूळ नाव गोपाळ. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा बारा वर्षांच्या या मुलास अक्षरओळखही नव्हती. इलियट या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली भाषांचा अभ्यास, व्यायाम आणि घोडदौड असा कठोर दिनक्रम सुरू झाला. त्यांनी तो निष्ठेने पाळला. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभार त्यांच्या हाती आला.

शिस्तीत वाढलेल्या या राजाने कोवळ्या पिढीसाठी नियम केले. पण त्यांचा बडगा मोठ्यांवर ठेवला. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ पासून सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. मूल शाळेत आले नाही तर दंड पालकास. १९०४ साली बालविवाहास बंदी घालणारा कायदा झाला. मुलीस १२ व मुलास १६ ही वयोमर्यादा आज फारच अपुरी वाटते. परंतु त्या काळी तेवढेही लोकांना जड गेले. कित्येकांनी दंड भरला आणि लग्ने उरकून घेतली. म्हणजे नियम मोडणारी मुले नव्हती, वडीलधारी मंडळी होती.

१९१३ साली महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस धाडले. करारानुसार राज्याची सेवा करण्यास ते १९१७ मध्ये बडोद्यास आले. दिलेला शब्द त्या तरुणाने पाळला. समाजाने मात्र त्यांना राहावयास जागा दिली नाही. पारशी खाणावळीतूनही बाहेर पडावे लागले आणि कमाटी बागेतील झाडाखाली त्यांनी अश्रू ढाळले. स्पृश्यास्पृश्यतेचा नियम काही सैल नव्हता, अतिशय कडक होता. तोच अधर्म होता. आणि राजाची सत्ताही तेथे तोकडी पडली.

महाराजांच्या घरीही कसोटी आली. कन्या इंदिराराजे यांचा विवाह ग्वाल्हेरच्या महाराजांशी ठरला होता. त्या महाराजांना एक पत्नी होतीच. १९११ साली इंदिराराजेंनी स्वतः पत्र धाडून तो संबंध मोडला आणि १९१३ मध्ये लंडन येथे कूचबिहारच्या राजपुत्राशी विवाह केला. आईवडिलांना हे फार जड गेले. तथापि ज्या पित्याने मुलींना शिकविले, त्यास शिकलेल्या मुलीचे मन अखेर मान्य करावेच लागले. पुढे नातवंडे आजोळी बडोद्यास येऊन राहू लागली.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांनी देह ठेवला.

सद्भक्तहो, नियम अवश्य असावेत. परंतु घरातील मुलाकडे बोट दाखविण्यापूर्वी पाहावे की, तो नियम आपण स्वतः पाळतो काय, आणि त्याने मुलाचे रक्षण होते की केवळ आपल्या प्रतिष्ठेचे. ज्या घरी वडिलांचा आचार शुद्ध, तेथे धाकाची गरज फारशी पडत नाही.