उन्हाळ्यात वितळणारं, थंडीत तडकणारं रबर आणि त्यापायी तुरुंगात गेलेला चार्ल्स गुडइयर

डिसेंबर लागला की गाडीवाल्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. युरोप-अमेरिकेतले लोक थंडीत टायर बदलतात, मग आपणही ऑल-सीझन टायर घ्यावेत का? की नेहमीचे, म्हणजे तिकडे ज्यांना समर टायर म्हणतात तेच बरे?

नवी मुंबईत राहणाऱ्याला याचं उत्तर हवं असेल, तर चार्ल्स गुडइयर या माणसाची गोष्ट माहीत हवी. कारण हा प्रश्न मुळात रबराच्या स्वभावाचा आहे आणि त्या स्वभावाशी या गड्याने उभा जन्म झुंज दिली.

चार्ल्सचा जन्म २९ डिसेंबर १८०० चा, अमेरिकेतल्या न्यू हेवनचा. बापलेकांचा लोखंडी सामानाचा धंदा होता. १८३० च्या सुमारास तो बुडाला आणि डोक्यावर कर्ज आलं. त्या काळी कर्ज फेडलं नाही की थेट तुरुंग. चार्ल्स तिथे एकदा नाही, अनेकदा जाऊन आला.

१८३४ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये रबराच्या वस्तू विकणाऱ्या एका दुकानात गेला. तिथे त्याला आतली गोष्ट कळली. रबराचा धंदा बुडत होता, कारण उन्हाळ्यात माल वितळून चिकट व्हायचा, दुर्गंधी सुटायची आणि थंडीत तोच माल कडक होऊन तडकायचा. चार्ल्सने ठरवलं, यावर उपाय आपणच शोधायचा. त्याला रसायनशास्त्र येत नव्हतं आणि खिशात पैसा नव्हता.

पहिले प्रयोग त्याने तुरुंगातच केले. बायको क्लॅरिसाने त्याला कच्चं रबर आणि लाटणं आणून दिलं. पुढे घरातलं सामान विकलं, गहाण टाकलं. त्यांना बारा मुलं झाली, त्यातली सहा लहानपणीच गेली.

मध्ये एकदा जमलं असं वाटलं. नायट्रिक ॲसिड लावलं की रबराचा चिकटपणा जायचा. सरकारकडून टपालाच्या १५० पिशव्यांची ऑर्डर आली. पण उन्हाळ्याची धग लागली आणि पिशव्या वितळल्या. ॲसिडने फक्त वरचा थर सुधारला होता, आतलं रबर होतं तसंच होतं.

मग नॅथॅनियल हेवर्डकडून त्याला गंधकाचा उपाय मिळाला. १८३९ मध्ये वूबर्न गावात गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या स्टोव्हला लागलं. ते वितळायला हवं होतं, पण चामड्यासारखं झालं. चार्ल्सने तो तुकडा रात्रभर बाहेरच्या कडाक्याच्या थंडीत ठेवला. सकाळीही तो लवचिकच!

गंधक आणि उष्णता यांमुळे रबराचे लांबलचक रेणू एकमेकांशी बांधले जातात. यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात. आपल्याकडे पंक्चरच्या दुकानांवर व्हल्कनायझिंग असं लिहिलेलं असतं, ते हेच.

अमेरिकेत पेटंट मिळालं १८४४ मध्ये. इंग्लंडमध्ये मात्र थॉमस हॅनकॉकने चार्ल्सचे नमुने पाहून गंधकाचा सुगावा लावला आणि तिथलं पेटंट आधी मिळवलं. चार्ल्सचे पैसे कोर्टकज्ज्यांत आणि प्रदर्शनांत गेले. १८५५ मध्ये पॅरिसला त्याला फ्रान्सचा मोठा सन्मान जाहीर झाला, तेव्हा तो कर्जापायी तिथल्या तुरुंगात होता. १ जुलै १८६० ला तो वारला. मागे कर्ज उरलं सुमारे दोन लाख डॉलर.

गुडइयर ही टायर कंपनी १८९८ मध्ये फ्रँक सायबरलिंगने काढली. तिच्याशी चार्ल्सचा किंवा त्याच्या घराण्याचा काडीचा संबंध नाही, फक्त नाव त्याच्या आठवणीत दिलं.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. चार्ल्सने रबर वितळण्यापासून आणि तडकण्यापासून वाचवलं, पण थंडीत ते थोडं कडक होतंच. समर टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली पकड गमावू लागतं. ऑल-सीझनचं मिश्रण थंडीतही मऊ राहतं, पण त्या बदल्यात तापलेल्या रस्त्यावर ते काहीसं मागे पडतं.

मुंबईत सांताक्रूझला नोंदलेलं नीचांकी तापमान आहे ७.४ अंश, तेही जानेवारी १९६२ मधलं. म्हणजे वाशी-खारघरच्या थंडीसाठी वेगळे टायर घेणं म्हणजे पामबीच रोडवर स्वेटर घालून घाम पुसणं.

आपली खरी परीक्षा असते मे महिन्यातल्या एक्स्प्रेस-वेवर आणि जुलैतल्या पावसात. म्हणून टायर घेताना ओल्या रस्त्यावरची पकड बघा. टायरवर बनल्याची तारीख चार आकड्यांत असते: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायरच्या खाचांमध्ये १.६ मिमीचे छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर बदला, आणि पावसाळा तोंडावर असेल तर त्याच्याही आधी. हवेचा दाब मात्र गाडी थंड असतानाच तपासा.

हिमाचलच्या बर्फात वरचेवर गाडी नेणार असाल, तरच थंडीच्या टायरचा विचार करा.